उजवा खांदा भिंतीकडे

टँगो नाचायला पाय लागतात असं लोकांना वाटतं. आधी लागतात डोळे, मग अक्कल, आणि पाय सगळ्यांत शेवटी. हे मला सांगणारा माणूस इंजिन-ड्रायव्हर होता. त्याने सांगितलेलं सगळं मी इतकं चोख पाठ केलं की त्यापायी बायकोला मुकलो. आता ती नाही, आणि तो ड्रायव्हरही कुठे असेल कोण जाणे. तेव्हा खरं सांगायला हरकत नाही.

मी लोणावळ्याला रेल्वेच्या माल-ऑफिसात कारकून होतो. स्टेशनापलीकडे रेल्वेच्या साहेबलोकांचा एक हॉल होता. जमीन लाकडी, मेण घासून गुळगुळीत केलेली, भिंतीला लागून खुर्च्या आणि कोपऱ्यात ग्रामोफोन. आमच्यासारख्या देशी कारकुनाचं तिथल्या नाचाशी काही देणंघेणं नव्हतं. पण साहेबलोकांचे हात जड. दर रविवारी एखाद्या तबकडीवर चरा पडायचा. माझा हात हलका, कारण अब्बांचं बाजारात गाद्यांचं दुकान आणि सुईदोऱ्यात माझं लहानपण गेलेलं. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी ग्रामोफोनचा मालक झालो. म्हणजे किल्ली फिरवायची, सुई बदलायची आणि कुणाकडे बघायचं नाही.

ड्रायव्हरसाहेब आले आणि हे बदललं. उंच, सडपातळ माणूस, भुवया भट्टीच्या झळांनी विरळ झालेल्या. बोरघाटात गाड्या चढवण्याआधी ते बरीच वर्षं अर्जेंटिनात इंजिन चालवत होते. तिथल्या रेल्वेतही इंग्रज फार. येताना त्यांनी एक ट्रंकभर तबकड्या आणि हा नाच आणला. महिन्यातून दोन रविवारी, दुपारच्या चहाच्या वेळी, हॉलमध्ये टँगो सुरू झाला. खंडाळ्याहून आणि खाली कर्जतहूनही जोडपी यायची. दहा जोड्या मावतील अशा जागेत वीस जोड्या. पण पुरुष ड्यूटीवर गेले की बायकांना जोडीदार कमी पडायचे. एकदा ड्रायव्हरसाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांची हिंदुस्थानी फायरमन लोकांकडून शिकलेली, त्यामुळे तिच्यात शिव्या फार. त्या गाळून सांगायचं तर ते म्हणाले, "बाबू, तबकडी लागते तेव्हा तुझा पाय हलतो. मी बघतोय कधीचा."

त्यांनी मला शिकवलं ते नाचापेक्षा नाचाची शिस्त जास्त. मला शिस्त आवडते. माल-ऑफिसात माझ्या हातची पावती कधी परत आली नाही. म्हणून असेल, पावलं जमायच्या आधी मला नियम तोंडपाठ झाले.

पहिला नियम विचारण्याचा. बाईच्या खुर्चीपुढे जाऊन हात पुढे करायचा नाही. लांबूनच तिच्याकडे बघायचं. तिनेही बघितलं तर मान किंचित झुकवायची. तिने झुकवली की ठरलं. तिला नको असेल तर ती नजर दुसरीकडे नेते, आणि मग आपणही जणू खिडकीकडेच बघत होतो असं करायचं. यात कुणाची बेअब्रू होत नाही, कारण हे दोघांखेरीज कुणाला कळतच नाही. मला त्या हॉलमध्ये किती जणींनी असं नाकारलं ते आजवर कुणाला माहीत नाही, आणि मी इथेही सांगणार नाही. कातडीचा रंग बघून नजर वळवणाऱ्या होत्याच. तरी त्या नियमाने माझी लाज राखली, हे मी विसरणार नाही.

दुसरा नियम वाटेचा. उजवा खांदा भिंतीकडे, डावा हॉलच्या मध्याकडे, आणि सगळ्यांनी एकामागे एक फिरायचं. पुढच्याला मागे टाकायचं नाही, मधून आडवं कापायचं नाही, मागे पाऊल टाकायचं नाही, आणि गाणं चालू असताना थांबून राहायचं नाही. ड्रायव्हरसाहेब हे घाटाच्या भाषेत सांगायचे. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही; तोवर जागच्या जागी डुलायचं. "मागे घसरलास तर मागच्या गाडीवर जाशील," असं म्हणून ते खरोखर माझ्या पाठीत कोपर ठेवून उभे राहायचे.

तिसरा नियम तीन तबकड्यांचा. एकदा जोडी जमली की तीन गाणी पुरी करायची, मग बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं. मध्ये सोडणं हा मोठा अपमान. यात मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. एक गार्डची मडम होती, चांगली पोक्त आणि गुटगुटीत. तिने माझ्यावर दया करून मान झुकवली. पहिली तबकडी संपली तसा मी अदबीने "थँक्यू" म्हणालो. तिचा चेहरा उतरला आणि ती सरळ जाऊन बसली. मला काही कळेना. मागाहून ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलं, या नाचात थँक्यू म्हणजे "पुरे, आता जा". सभ्यपणा दाखवायला गेलो आणि बाईला हाकलून दिलं. पुढच्या रविवारी ड्रायव्हरसाहेबांनी मध्यस्थी केली तेव्हा ती पोट धरून हसली. तेव्हापासून माझ्याशी नाचणारी एक तरी हक्काची झाली.

घरी हे सगळं मी बायकोला सांगायचो. ती इंदुरी गावची. नदीकाठचं माहेर, वडलांचं छोटं तेला-मिठाचं दुकान. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यावरून अम्मा तिला येता-जाता टोमणे मारायची. माझ्या बायकोचं हसणं मात्र त्यात कधी बुडालं नाही. हॉलमधल्या गमती ऐकायला ती भाकरी थापता थापता थांबायची आणि तव्यावरची करपायची.

एके दिवशी म्हणाली, "मला दावा की कसं नाचत्यात."

अम्मा दुपारी शेजारी गेली होती. आमच्या आतल्या खोलीची जमीन सारवलेली आणि मधोमध जातं. मी तिला समोर उभं केलं, हात कुठे ठेवायचा ते सांगितलं आणि तोंडाने ठेका धरला. उजवा खांदा भिंतीकडे ठेवून आम्ही जात्याभोवती फिरू लागलो. नाचात पुरुष पुढे चालतो, बाई उलटी. तिला हे आवडलं नाही.

"माज्या पाटीला डोळं हायती का?"

"म्हणून तर मी बघायचं. तू फक्त विश्वास ठेवायचा."

"बरं. ठेवला," ती म्हणाली, आणि खरंच डोळे मिटून घेतले.

अर्ध्या घटकेत तिने ठेका पकडला. मला सहा महिने लागले होते. मी पुढच्याला मागे टाकायचं नाही, आपण मागे सरायचं नाही हे नियम समजावू लागलो तर म्हणाली, "खळ्यावं बैलं फिरत्यात तसंच की. आतला बैल दमानं, भाईरचा बिगीनं, पन कोन कुनाला ढकलत न्हाई." ड्रायव्हरसाहेबांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी घाट सोडून लोकांना बैल सांगायला सुरुवात केली.

पण तिला सगळ्यांत आवडला तो नजरेचा नियम.

"डोळ्यानं इचारायचं, डोळ्यानंच न्हाई म्हनायचं," ती म्हणाली. "आन् बाईनं आदी बगितलं तर?"

"तरी चालतं. दोघांनी बघावं लागतं, एवढंच."

"आन् गड्यानं मान वळवली तर?"

"तर नाही."

"कुनाला कळतं का ते?"

"दोघांनाच."

"मंग बरं हाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक खेळ सुरू झाला. मी ताटावर बसलेला, अम्मा समोर सुपारी कातरतेय, आणि ही चुलीपाशी. मी बघायचो. ती बघायची. मान तसूभर झुकायची. मग अम्मा शेजारी गेली की आम्ही जात्याभोवती दोन फेऱ्या मारायचो. कधी नुसतं बघणंच व्हायचं, नाच नाही. सासू-सुनेच्या कटकटीत, एवढ्याशा घरात, आम्हा दोघांना बोलायला ही एवढी एक जागा सापडली होती. माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आले नाहीत. तेव्हा ते कळलं नाही, आता कळतं, आणि त्याचा काय उपयोग.

दोनेक वर्षांनी घाटात विजेची इंजिनं येणार असं पक्कं झालं. ड्रायव्हरसाहेबांचा जीव वाफेच्या इंजिनात. त्यांनी बदली मागून घेतली. जाण्याआधीच्या रविवारी शेवटचा टँगो ठरला, आणि ते मला म्हणाले, "त्या बैलवालीला घेऊन ये. तिच्याबरोबर नाच. मी ग्रामोफोनवर बसतो."

मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला जमंल?"

"माझ्यापेक्षा जास्त."

अम्माला आम्ही सांगितलं की रेल्वेच्या साहेबांकडे चहाला बोलावलंय, आणि ते काही खोटं नव्हतं. मी बायकोसाठी बाजारातून नव्या चपला आणल्या, पट्ट्याच्या, मागून बंद असलेल्या, नाचताना निघू नयेत अशा. आठवडाभर ती त्या घालून आतल्या खोलीत जात्याभोवती फिरत होती. अंजिरी पातळ तिने तीनदा उन्हात टाकलं.

रविवारी मी आधीच गेलो, कारण तबकड्या मांडायच्या होत्या. ती मागाहून येणार होती. हॉल भरत आला. चहाचे कप फिरू लागले, खुर्च्या भरल्या. आणि मग ती दारात दिसली.

तिच्या पायात काही नव्हतं.

पुढे तिने सांगितलं ते इतकंच, की दारातून आत डोकावली तर जमिनीत तिला स्वतःचं तोंड दिसलं. एवढ्या लख्ख जमिनीवर बाहेरच्या चपला कशा न्यायच्या? तिने त्या पायरीशी काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या, आणि आत आली. कुणाच्याही घरात शिरताना आपण जे करतो तेच तिने केलं. त्या हॉलमध्ये मात्र पन्नास माणसं बुटांत होती आणि ती एकटी अनवाणी. ती खिडकीखालच्या खुर्चीवर जाऊन बसली. एका मडमेने तिच्या पायांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. हसलं कुणी नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की लोक हसले. कुणी हसलं नव्हतं.

ड्रायव्हरसाहेबांनी मला ग्रामोफोनपासून दूर ढकललं. तबकडी लागली. पुरुष भिंतीशी उभे राहून बघू लागले, माना झुकू लागल्या, जोड्या उठू लागल्या.

तिने माझ्याकडे बघितलं.

मी शिकवलं होतं तस्सं. हसली नाही, डोळे वटारले नाहीत, बुजली नाही. हनुवटी थोडी वर, नजर सरळ. मला अजून तो चेहरा दिसतो. आणि मी तिच्या चेहऱ्याकडून खाली तिच्या पायांकडे बघितलं. टाचांना भेगा होत्या, त्यांत सारवणाचं शेण असतं तसा हिरवट काळा रंग होता. माझ्या मनात आलं, ही सगळी टाचांचे बूट घालून नाचतायत, कुणाचा पाय पडला तर हिची बोटं मोडतील. हे मनात आलं हे खरं. पण त्याआधी जे आलं ते वेगळं होतं. मला तिची लाज वाटली.

मी नजर वळवली.

वळवली ती नेमकी गार्डच्या मडमेवर गेली. ती बिचारी माझीच वाट बघत असावी. तिने मान झुकवली. आता तिला नाकारावं तर तिचा पुन्हा अपमान. मी पुढे झालो. एक नियम मोडू नये म्हणून मी काय मोडलं हे मला पहिलं वळण घेईपर्यंत कळलं नाही.

मग नियमांनी मला धरलं. तीन तबकड्या. गर्दी इतकी की रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. उजवा खांदा भिंतीकडे, म्हणजे दर फेरीला मी तिच्या खुर्चीसमोरूनच जाणार. मधून कापता येईना, मागे जाता येईना, थांबता येईना. पुढचा टप्पा मोकळा नसला की जागच्या जागी डुलायचं, आणि एकदा ते डुलणं नेमकं तिच्या खुर्चीपुढेच आलं. हातभर अंतर असेल. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. कुणाला अडचण होऊ नये म्हणून. ती माझ्याकडे बघत नव्हती, पावलांकडे बघत होती. माझ्या आणि त्या मडमेच्या. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते लहान पोरालाही सांगता येईल. मडमेचा हात सोडायचा, रांग मोडायची, लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू द्यायचं. मी डुलत राहिलो.

तीन तबकड्या झाल्या. मी मडमेला खुर्चीपर्यंत पोचवलं आणि थँक्यू म्हटलं, यावेळी अगदी योग्य जागी. ड्रायव्हरसाहेबांनी तिसरी तबकडी पाकिटात घातली, ट्रंकेचं झाकण लावलं आणि माझ्या बायकोकडे तोंड करून कमरेत वाकले. नियमाप्रमाणे, लांबूनच. ती उठून उभी राहिली आणि तिने त्यांना सलाम केला. मग बाहेर जाऊन चपला घातल्या.

घरी जाताना आम्ही रुळांच्या कडेने चाललो. तिने ड्रायव्हरसाहेबांच्या भुवयांबद्दल विचारलं, चहात दूध फार होतं असं म्हणाली. बाजाराच्या वळणावर म्हणाली, "लय छान नाचता तुमी. वाट सोडली न्हाई कुटं."

मी म्हणालो, "गर्दी होती ना."

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ताटावर बसलो, अम्मा समोर होती, आणि मी बायकोकडे बघितलं. तिनेही बघितलं. आणि मग तिने नजर वळवली, परातीकडे. रागाने नाही, रडून नाही. हलकेच, समोरच्याची अब्रू राखून, मी शिकवलं होतं अगदी तशी. अम्माला काही कळलं नाही. कळायचं नव्हतंच.

नाकारलेल्याने पुन्हा विचारायचं नसतं, वाट बघायची असते. हा नियमसुद्धा मला पाठ होता, आणि मी त्याच्या आड लपलो. तोंड होतं की मला. "माझं चुकलं, मला तुझ्या पायांची लाज वाटली," हे सांगायला कुठली तबकडी लागत होती? पण सांगितलं तर ते खरं झालं असतं, आणि न सांगता चाललं होतं. ती मला कधी उलटून बोलली नाही. वेळेवर जेवण, वेळेवर डबा, आजारपणात उशाशी बसणं, कशात खोट नाही. फक्त डोळे उचलून बघणं गेलं. लोक म्हणायचे, नवरा-बायकोत कधी आवाज चढला नाही हो यांच्यात. मी हसून मान डोलवायचो. आमच्यात भांडायला काही उरलंच नव्हतं.

पुढे लढाई सुरू झाली. हॉलमध्ये शिपायांच्या खाटा आल्या, ती जमीन बुटांच्या खिळ्यांनी सोलून निघाली. अब्बा गेले, अम्मा गेली. मूल झालं नाहीच. घरात आम्ही दोघंच राहिलो, आणि गर्दी नसताना तरी काही बोलता आलं असतं.

एका दुपारी मला अंगात कणकण वाटली म्हणून मी ऑफिसातून लवकर घरी आलो. पुढचं दार नुसतं लोटलेलं. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी पोचलो आणि थांबलो.

ती जात्याभोवती फिरत होती. अनवाणी, डोळे मिटून. डावा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा हवेत, उजवा हात पुढे धरलेला. बाईची पावलं, म्हणजे उलटी चालत होती. तोंडाने बारीक ठेका धरला होता, माझाच, चुकीच्या जागी श्वास घेण्याच्या माझ्या सवयीसकट. एकेका पावलाला पुढचा टप्पा मोकळा आहे का याची वाट बघत असावी तशी मध्येच जागच्या जागी डुलायची. एवढी वर्षं मला वाटत होतं की माझ्यामुळे तिचा नाच सुटला. तिने नाच सोडलाच नव्हता. तिने मला सोडलं होतं.

उलटी चालत ती माझ्यापुढून गेली, आणि पुढे गेल्यावर तिचं तोंड माझ्याकडे झालं. ठेका थांबला. तिने डोळे उघडले.

तिने माझ्याकडे बघितलं. सरळ. हनुवटी थोडी वर. नजर वळवली नाही. तिचे हात अजून तसेच वर होते.

आणि मी खाली बघितलं. शपथेवर सांगतो, या वेळी तिची लाज नव्हती, स्वतःचीच होती. चोरासारखं उंबऱ्यात उभं राहून तिचं एकटीचं काहीतरी बघितलं याची. पण खाली बघितलेली नजर खालीच गेलेली असते, तिच्यामागचं कारण समोरच्याला दिसत नाही. मी वर बघितलं तेव्हा तिने हात खाली घेतले होते आणि पदर सारखा करत ती चुलीकडे वळली होती.

"बसा, चा टाकते," ती म्हणाली.

मी बसलो. तिने चहा दिला, मी प्यायलो, आणि वर म्हणालो की साखर जरा कमी पडली. तिने साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवला. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.